पळत घ्यायचा झेल

"नेमच नाही रे याला. नुसता हात आहे."

माझ्या पाठीमागच्या टेबलावरून हे वाक्य आलं. सिंगापूरमधल्या बुओना व्हिस्टाचं फूड कोर्ट, जेवणाच्या सुट्टीतली गर्दी, ट्रे घेऊन जागा शोधणारी माणसं. मागे दोन मुलगे बसले होते. गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं, मध्ये पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला फोन, आणि फोनवर अमेरिकन फुटबॉल. परदेशात मराठी बोलणारी माणसं जरा मोकळी बोलतात. आजूबाजूला कुणाला कळणार नाही याची त्यांना खात्री असते. ज्याला नेम नाही तो कुठल्यातरी संघाचा नवा क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा. दुसरा मुलगा म्हणाला की याला पुढच्या महिन्यापर्यंत ठेवत नाहीत बघ. पहिला हसला आणि आपल्या ताटातल्या माशाचे काटे काढायला लागला.

मी वळून बघितलं नाही. नूडल्सच्या वाडग्यात बघत राहिले. तो फेकणारा माझा कोणी नाही. त्याचं नावही मला माहीत नव्हतं. पण चॉपस्टिक धरलेली माझी बोटं आवळली गेली होती, आणि मनात एकच प्रश्न: चेंडू कुठे पडला ते दिसलं तुम्हाला, पण घेणारा कुठे होता ते बघितलंत का?

मग लक्षात आलं, ऑगस्ट लागलाय.

इथे महिने आकाशाकडे बघून कळत नाहीत. वर्षभर तेच ऊन, तेच दुपारचं गडगडणं, तोच दहा पावलांवर थांबणारा पाऊस. ऑगस्ट ओळखायचा तो खाली बघून. पासिर रिसला आमच्या ब्लॉकच्या कठड्यांवर राष्ट्रीय दिनाचे लाल-पांढरे झेंडे लागतात आणि उतरवायचे विसरतात. खाली गवताच्या कडेला पत्र्याची पिंपं येऊन बसतात. त्यांत शेजारपाजारचे लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी कागद जाळतात. त्या राखेचे काळे तुकडे तरंगत वाळत घातलेल्या कपड्यांवर येतात, आणि त्यांचा तो गोडसर धुरकट वास माझ्या उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचतो. त्याच सुमाराला मंडळाच्या ग्रुपवर गणपतीची चर्चा सुरू होते, मोदकांना ताजं खोबरं की फ्रोझन यावरून दरवर्षीचं भांडण होतं. आणि दोन वर्षांपासून माझ्यापुरती यात आणखी एक खूण मिळाली आहे. अमेरिकन फुटबॉलचे सरावाचे सामने. सगळे त्याला प्रीसीझन म्हणतात.

प्रीसीझन ही मोठी अन्यायाची गोष्ट आहे. या सामन्यांचा निकाल कुठेच धरत नाहीत. नावाजलेले खेळाडू टोप्या घालून कडेला उभे असतात, हसतात, पाणी पितात. मैदानात असतात ती नवीन पोरं, ज्यांना अजून संघात जागा मिळवायची आहे. ती एकमेकांना नीट ओळखतही नसतात. फेकणारा कालचा, घेणारा परवाचा. आणि महिना संपता संपता त्यातल्या कितीतरी जणांना घरी पाठवतात. सामना लुटुपुटीचा, शिक्षा मात्र खरी.

हे सगळं मला शिकवलं श्रीरंगकाकांनी. बाबांचे ते जुने सहकारी. सिंगापूरला यायच्या आधी ते अमेरिकेतल्या एका थंड शहरात बरीच वर्षं होते आणि त्या शहराचा संघ त्यांनी कुलदैवतासारखा सोबत आणला. घर बदललं, कंपनी बदलली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण संघ बदलला नाही. गडद निळ्या जर्सी त्यांनी आम्हा सगळ्यांना वाटल्या होत्या. बाबा ती जर्सी इस्त्री करून, पॅंटीत खोचून, वर पट्टा लावून घालायचे. शनिवारी सकाळी आम्ही पासिर रिसहून एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसायचो आणि अख्खं बेट ओलांडून बुओना व्हिस्टाला काकांच्या कॉन्डोत जायचो. तिकडे अमेरिकेत शुक्रवारची रात्र, इकडे आमच्या हातात पोह्यांच्या बशा. टीव्हीवर ऊन पडू नये म्हणून पडदे ओढलेले. वृंदाकाकू, म्हणजे श्रीरंगकाकांच्या पत्नी, पोह्यांवर भरपूर लिंबू पिळायच्या आणि त्या अंधाऱ्या खोलीत लिंबाचाच वास सगळ्यात आधी यायचा.

त्या वर्षी काकांच्या संघात एक नवा क्वार्टरबॅक आला होता. कॉलेजातून थेट आलेला, लांब मानेचा, हेल्मेट काढलं की केस कपाळाला चिकटलेले. मुलाखतीत तो जमिनीकडे बघून बोलायचा. मला तो आवडला होता, पण हे मी कुणाला सांगितलं नाही. खोलीत त्याच्या नेमावर चर्चा चालायची. अनिकेत, काकांच्या ऑफिसमधला, कॉलेजात मध्यमगती गोलंदाजी केलेला, म्हणायचा की दोष मनगटात आहे. बाबा म्हणायचे, पाय नीट पडत नाहीत. काका फोनवर टक्केवारी काढायचे. किती चेंडू फेकले आणि त्यातले किती पोचले, याची टक्केवारी. ती ते मोठ्याने वाचून दाखवत आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत, जणू डॉक्टरचा रिपोर्ट आलाय.

त्या टक्केवारीत एक गंमत आहे. चेंडू घेणाऱ्याच्या छातीवर आदळून खाली पडला तरी तो फेकणाऱ्याच्याच नावावर चुकलेला म्हणून लागतो. घेणारा चुकीच्या बाजूला पळाला, घसरला, दिवास्वप्न बघत उभा राहिला, तरी तसंच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटेना. आणि त्याहून वाटेना ते हे, की त्या खोलीतल्या कुणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. ही सगळी क्रिकेटवर वाढलेली माणसं. झेल सुटला की गोलंदाजासाठी हळहळायचं आणि सोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, हे यांच्या रक्तात. श्रीरंगकाका तर पुण्यात क्लबकडून कव्हरला उभे राहायचे. कुणी कधी कुणाचा झेल सोडला याच्या तीस-तीस वर्षं जुन्या आठवणी ते काढत. आणि तीच माणसं इथे पोह्यांचा घास घेऊन एका विशीतल्या मुलाला म्हणत होती, नेम नाही.

मला बोलायला वेळ लागतो. पुण्यात इंग्रजी शाळा, मग इथे कॉलेज, घरी मराठी. वाक्य मनात मराठीत सुरू होतं, अर्ध्या वाटेवर इंग्रजी होतं, ते परत सरळ करेपर्यंत माणसं पुढच्या विषयावर गेलेली असतात. लोकांना वाटतं हिला काही म्हणायचं नाही. काही जण ते चांगलं लक्षणही समजतात. शांत आहे हो मुलगी.

कॉलेजात मला मुलींच्या फ्लॅग फुटबॉलच्या संघात एका मैत्रिणीने ओढून नेलं. हा त्या मोठ्या खेळाचा सौम्य भाऊ. यात कुणी कुणाला पाडत नाही. कमरेला दोन कापडी पट्ट्या लावलेल्या असतात, ती पट्टी ओढली की समोरचा थांबला. आमची कोच बुटकी, उन्हाने रापलेली चिनी बाई होती. तिने माझ्या हातात तो दोन्हीकडून निमुळता चेंडू दिला, शिवणीवर बोटं ठेवायला शिकवली आणि एक मुलगी पळवली. मी त्या मुलीकडे बघून फेकला. चेंडू तिच्या मागे पडला. कोच म्हणाली, "नॉट टू हर, लाह. टू द प्लेस शी इज गोइंग." ती जिथे आहे तिथे फेकायचा नाही. ती जिथे पोचणार आहे तिथे फेकायचा. तिथे आत्ता फक्त गवत आहे, आणि त्या रिकाम्या गवतावर विश्वास ठेवायचा.

बोलताना जे मला कधीच साधलं नव्हतं, समोरचा जिथे निघालाय तिथे आधी पोचायचं, ते फेकताना साधायला लागलं. हातातून चेंडू सुटतो तेव्हा घेणारी अजून मागे असते. क्षणभर तो चेंडू कुणाचाच नसतो. मग कुठून तरी दोन हात येतात आणि तो तिथे असायलाच हवा होता असं वाटतं. त्या क्षणाइतकं स्पष्ट मी आयुष्यात कधी काही बोलले नाही.

त्या ऑगस्टात श्रीरंगकाकांनी स्वतःचा संघ काढायचं ठरवलं. सप्टेंबरपासून शनिवार-रविवारी होणाऱ्या फ्लॅग फुटबॉलच्या मिश्र स्पर्धेत उतरायचं. मिश्र म्हणजे संघात बायका हव्यातच, म्हणून वृंदाकाकू आणि मी. पहिल्या सरावाला अनिकेतला उशीर झाला, कुणीतरी फेकायला हवं होतं, आणि मी फेकलं. पासिर रिस पार्कमधलं समुद्राजवळचं मैदान, खाऱ्या वाऱ्यात कोळशावर भाजलेल्या कणसांचा वास. चेंडू गेला तसे काका थबकून बघतच राहिले. "अगं सई, हे कुठे लपवून ठेवलं होतंस?" असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की संघाची फेकणारी ठरली. घरी जाताना बाबांनी त्यांची पाण्याची बाटली मला आधी दिली. आमच्या घरात कौतुक असंच होतं.

पुढचे रविवार मी त्या आनंदात काढले. आणि त्या आनंदातच मला हळूहळू दिसायला लागलं की काका थांबतात.

हे नीट सांगायला हवं, कारण सगळा मामला इथेच आहे. आपल्याकडे प्रत्येक पोराला उंच झेल कसा घ्यायचा ते शिकवलेलं असतं. चेंडूखाली जा, पाय रोव, मान वर, हातांची ओंजळ कर आणि वाट बघ. काका तसेच शिकले होते. उत्तम शिकले होते. त्यामुळे व्हायचं काय, की ते ठरल्याप्रमाणे जोरात पळायचे, मग खांद्यावरून मागे बघायचे, चेंडू हवेत दिसला की त्यांच्या पायांना जुनी शिकवण आठवायची. दोन पावलं आखूड पडायची. पाय रोवले जायचे. ओंजळ तयार. आणि चेंडू त्यांच्यापुढे चार हातांवर, ते पळत राहिले असते तर जिथे असते बरोबर तिथे, गवतात पडायचा. बाबांचंही तेच. अनिकेतचंही तेच. एकाच शाळेत शिकल्यासारखे सगळे पाय रोवून, ओंजळ धरून, आकाशाकडे बघत उभे.

"जरा लांब पडला गं," काका प्रेमाने म्हणायचे.

श्रीरंगकाकांचा दावा होता की त्यांच्या हातून आयुष्यात झेल सुटलेला नाही. मला तो मान्य आहे. सुटायला तो आधी हाताला लागावा लागतो.

फक्त एक माणूस थांबायचं नाही. वृंदाकाकू. त्या क्रिकेट कधी खेळल्याच नव्हत्या. त्या सांगलीच्या, शाळेत आणि कॉलेजात खो-खो खेळलेल्या. खो-खोत एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही, खांबापर्यंत जायचंच. तो नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की पन्नाशीच्या आसपास, गुडघ्यापर्यंतची लेगिंग आणि वर काकांची ढगळ जर्सी घालून, त्या मान खाली घालून सरळ पळत सुटायच्या. मागे बघायच्याच नाहीत. चेंडू खांद्यावरून समोर आला की नुसता हात लांब करायच्या, वाटेत फांदीवरचा पेरू तोडावा तसा. माझा काकूंकडे फेकलेला चेंडू सहसा खाली पडत नसे. यावर अनिकेतचं म्हणणं असं की काकूंचं नशीब जोरावर आहे. काका म्हणायचे, वृंदाला लागतो हो बरोबर. लागतो. जणू चेंडू मटका आहे.

मी हे बघत होते आणि बोलत नव्हते. एकदा प्रयत्न केला. काकांना म्हणाले की तुम्ही, म्हणजे, जर पळतच राहिलात तर. ते मान डोलावून म्हणाले, "अगदी बरोबर, बाळ, आणि तू थोडा अंगावर फेक. मग जमेल." मी ओशाळून हसले. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

मग एका रविवारी आमचा स्वतःचा प्रीसीझन झाला. स्पर्धेतल्याच दुसऱ्या एका संघाशी सरावाचा सामना, पासिर रिसलाच. सकाळपासून आकाश राखी होतं आणि हवा ओल्या टॉवेलसारखी. सुरुवातीला मी फेकायचे तसंच फेकलं. चेंडू पुढे पडत गेले. कडेला बसलेल्या समोरच्या संघातल्या मुली कुजबुजल्या. काका प्रत्येक वेळी हात वर करून मला धीर देत होते, हरकत नाही, हरकत नाही, आणि त्या प्रत्येक हरकत नाहीबरोबर ही चूक माझी आहे यावर शिक्का बसत होता. मग मी त्यांचं ऐकलं. अंगावर फेकला. काका थांबले होते, चेंडू थेट त्यांच्याकडे चालला होता, आणि थांबलेल्या माणसापर्यंत पोचायला समोरच्या संघातल्या एका पोरीला काहीच कष्ट पडले नाहीत. ती मध्ये आली, चेंडू काढून घेतला आणि निघून गेली. तोही माझ्याच नावावर.

सामन्यानंतर सगळे घामेजलेल्या जर्सींत जवळच्या हॉकर सेंटरला, उघड्या खाऊगल्लीत, बसले. काचेच्या मगांमधला तेह म्हणजे दुधाचा चहा, मध्ये पराठ्यासारखा प्राता आणि डाळीची वाटी. अनिकेत म्हणाला, त्याने अगदी चांगल्या आवाजात म्हटलं, की सईचा हात सुंदरच आहे, प्रश्न फक्त अॅक्युरसीचा आहे. काका म्हणाले की दबावाखाली होतं असं, टीव्हीवरच्या आपल्या पोराचं नाही का होत. मग स्पर्धेत कुणी फेकायचं यावर बोलणं गेलं. पुढच्या शनिवारी सामना बघायला जमू तेव्हा ठरवू, असं ठरलं. हे सगळं मी समोर बसलेली असताना. कुणी दुष्ट नव्हतं. कुणीतरी माझ्या पानात शेवटचा प्राताही वाढला. वृंदाकाकू काहीतरी म्हणणार होत्या तेवढ्यात त्यांना घरून मुलाचा फोन आला आणि त्या उठून बाजूला गेल्या.

मी बाबांकडे बघितलं. बाबा मगात चमचा फिरवत म्हणाले, "तिला अजून सवय नाही. होईल हळूहळू."

यातलं मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. त्याच महिन्यात बाबांच्या ऑफिसात त्यांचं वार्षिक मूल्यमापन झालं होतं. आई आजोबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेलेली, त्यामुळे ते सगळं मीच ऐकलं होतं. बाबांनी त्यांचं काम वेळेत करून दिलेलं. ज्यांनी ते पुढे न्यायचं त्या लोकांनी मध्येच हातपाय गाळले, आणि ठपका आला बाबांवर. नियोजन कमी पडलं. इथे आमच्यासारख्या माणसांचं राहणंच नोकरीवर टांगलेलं, तेव्हा अशा एका शब्दाने घरातली झोप जाते. बाबा दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर आमटीकडे बघून म्हणत होते, "मी माझं करून ठेवलं होतं गं. ते आलेच नाहीत. पण लिहिताना कोण लिहिणार, ते आले नाहीत म्हणून?" मी मान हलवत होते, त्यांना भात वाढत होते. मला प्रत्येक शब्द कळत होता. कारण रविवारी सकाळी माझं तेच होत होतं. आणि तोच माणूस, जर्सी पॅंटीत खोचून, सगळ्यांसमोर म्हणाला की तिला सवय नाही.

मैदानाजवळच राहत असल्याने बाबा आणि मी चालत घरी आलो. ब्लॉकखालच्या पिंपात कुणाचे तरी कागद जळत होते. आजीबाई वाकून नमस्कार करत होत्या, राखेचा एक तुकडा उडून बाबांच्या निळ्या खांद्यावर बसला. एरवी मी झटकला असता. त्या दिवशी राहू दिला.

आठवडाभर मी आतल्या आत भांडले. आंघोळ करताना, एमआरटीत, ऑफिसात कॉफी यंत्रासमोर. इतकी भांडले की माझीच मला कीव आली. साध्या सुट्टीच्या खेळासाठी एवढं? पण मग वाटायचं, हे लोक त्याला साधा खेळ कुठे म्हणतात? टीव्हीवरच्या त्या पोराबद्दल बोलताना तर न्यायाधीश होतात. आणि माझ्याकडे दुसरं होतं काय? ऑफिसात माझ्या नावाचा उच्चार अजून चुकतो आणि मी दुरुस्त करत नाही. कार्यक्रमांत मी खुर्च्या लावते. एकच जागा होती जिथे मी म्हणजे मी होते, शिवणीवरच्या चार बोटांनी समोरच्या गवताला सांगत होते की इथे आत्ता कुणीतरी येणार आहे. ती जागा एका प्राताच्या ताटावर माझ्याकडून निघून चालली होती, तीही दुसरंच कुणीतरी थांबलं म्हणून.

निकाल काय लागला हे महत्त्वाचं नसतं, असं अशा आठवणींत म्हणायची पद्धत आहे. मला महत्त्वाचं होतं. म्हणून सांगून टाकते: त्या मोसमात मीच फेकलं. आम्ही बरेचसे सामने हरलो. काका अजूनही मधूनच थांबतात, आणि आता स्वतःच कपाळावर हात मारून घेतात. टीव्हीवरच्या त्या मुलाला मात्र ऑगस्टअखेर संघातून काढलं. नंतर तो कुठे गेला मला माहीत नाही. फूड कोर्टात परवा ते वाक्य ऐकलं तेव्हा मला वाटलं, फोनवर दिसतोय तो तोच असेल, दुसऱ्या कुठल्यातरी रंगाच्या जर्सीत. वळून बघायला हवं होतं.

पण तो शनिवार. पडदे ओढलेले, लिंबाचा वास. बाबा सोफ्याच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, कारण आठवडाभर आमचं बोलणं कामापुरतंच होतं. काका त्यांच्या खुर्चीत, हातात रिमोट. काकांची एक सवय होती. चेंडू खाली पडला की सामना थांबवायचा आणि पडद्यावर गवतात पडलेला चेंडू सगळ्यांना दाखवायचा. रिमोट नेहमी तिथेच थांबायचा. त्याच्या दोन क्षण आधी काय झालं ते बघायला कुणी मागे जात नसे.

त्या मुलाने फेकला. लांब, उंच, सुंदर. मी तो हातातून सुटताना बघितला आणि माझ्या बोटांना कळलं की हा बरोबर आहे. तो पडला. गवतात, घेणाऱ्याच्या पुढे. काकांनी थांबवला. "बघा. नेमच नाही पोराला. आता याला ठेवून काय करणार?" अनिकेत म्हणाला की हात आहे हो, पण नुसत्या हाताने काय होतं. मग काका माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंच माया होती. म्हणाले की सई, तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण यंदा अनिकेतला फेकू द्यावं असं आमचं सगळ्यांचं मत आहे, तू वृंदासारखी पळ, पुढच्या वर्षी बघू.

माझा हात रिमोटकडे पुढे झाला. मी विचार करून केलेला नव्हता.

काकांना वाटलं मला टीव्हीचा आवाज टोचतोय. त्यांनी विचारलं, कमी करू का? मी मान हलवली. वाक्य मनात सुरू झालं होतं आणि नेहमीसारखं अर्ध्या वाटेवर अडकलं होतं. खोलीतलं बोलणं पुढे निघण्याच्या बेतात होतं, अनिकेत चहा कोण कोण घेणार ते मोजायला लागला होता. तेवढ्यात सोफ्याच्या दुसऱ्या टोकावरून बाबा उठले. त्यांनी काकांच्या हातातून रिमोट घेतला, इतक्या सहज की काकांनी सोडूनही दिला, आणि माझ्या हातात आणून ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. परत जाऊन बसले नाहीत. तिथेच उभे राहिले.

मी सामना थोडा मागे नेला. चेंडू गवतातून उठला, हवेत चढला, उलटा त्या मुलाच्या हातात गेला. मग पुन्हा पुढे सोडला. घेणारा पळतोय. मागे बघतोय. आणि त्याची दोन पावलं आखूड पडली. पाय रोवले गेले. मी तिथे थांबवला. पडद्यावर चेंडू अजून हवेतच होता, आणि खाली तो माणूस हातांची ओंजळ करून आकाशाकडे बघत उभा होता. स्वयंपाकघराच्या दारात वृंदाकाकू ओल्या हातांनी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकदम हसू दाबलं.

या वेळी वाक्य अखेरपर्यंत मराठीतच राहिलं. मी म्हणाले, "काका, चेंडू बरोबर होता. हा थांबला. त्या रविवारी तुम्हीही थांबला होतात."